तुझा डावा कान

८ जुलै, दुपार
खोली नंबर अकरा (म्हणजे आपलीच)

प्रिय घोरपडे (आडनाव नव्हे, प्राणी),

कशी आहेस? गुडघ्याची सूज उतरली का? आईला माझा नमस्कार सांग. आणि शिवणाच्या दुकानात बसतेस तेव्हा पाय स्टुलावर ठेवत जा, गिऱ्हाइकांना लाजू नकोस. डॉक्टरांनी पाय उंच ठेवायला सांगितलाय ना, मग ठेव. एरवी जमिनीला चिकटून चेंडू उचलताना कुठे लाज वाटते तुला!

पत्र बघून हसली असशील. काय करू, मोबाइल अजून पेटीतच आहेत आणि पेटीची किल्ली मॅडमच्या शिट्टीच्या दोरीला. परवा रविवारी अर्धा तास मिळाला, तेव्हा तुला फोन लावला होता. तुझ्या आईने उचलला. तू झोपलीस म्हणाली. खरं सांगू? मला बरंच वाटलं. झोप मिळायला हवी ना तुला.

इथलं काय सांगायचं! शिबिराचा पहिला आठवडा कसा असतो ते गेल्या वर्षी तू पाहिलंच आहेस, यंदा त्याच्यावर कडी. सकाळी मैदानाला बारा फेऱ्या, मग प्रेक्षकांच्या पायऱ्या वर-खाली, मग हॉलमध्ये व्हॉलीबॉल. स्पर्धांना अजून महिना आहे, पण मॅडमच्या डोक्यात फायनल उद्याच. जिना उतरताना सगळ्याजणी म्हाताऱ्यांसारखा कठडा धरतात. आपली कप्तान लांबी काल जेवायला बसली ती उठेचना. शेवटी मेसवाल्या मावशींनी आणि मी मिळून तिला उपटली. अंडी वाढवलीत, माणशी दोन. तुझ्या वाटची दोन मावशी अजून चुकून माझ्या ताटात टाकतात. मी खाऊन टाकते.

पहिल्या वर्षाच्या पाच मुली नव्या आल्यात. त्यांना मॅडमनी हाकेचा धडा दिला, तोच आपला. "चेंडू दोघींच्या मध्ये आला, की जिने आधी 'माझा' म्हटलं तिचा. दुसरीने जागच्या जागी थांबायचं. हाक चुकीची वाटली तरी थांबायचं. पॉइंट गेला तर गेला, हाडं तरी शाबूत राहतात." मग उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही, पण कळायचं त्यांना कळलं. "एकीने हाक मारली, दुसरीने ती ऐकली नाही. आता घरी बसलीय पाय बांधून." मी तेव्हा बुटाची नाडी बांधत होते. दोन्ही बुटांच्या बांधून झाल्या, तरी बांधतच होते.

त्या दिवसाबद्दल आता काही लिहीत नाही. झालं ते झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

खोलीत फार शांत वाटतं. तुझी गादी मी गुंडाळून ठेवलीय, धूळ बसायला नको म्हणून. सकाळचा गजर एकटीला ऐकावा लागतो. तसा आधीही एकटीलाच लागायचा म्हणा. तू उजव्या कुशीवर झोपलीस की चांगला कान उशीत, आणि गजर बिचारा बोंबलतोय. पहिल्या वर्षी मला वाटायचं, काय आळशी पोरगी पदरात पडलीय! लहानपणी गालगुंड झालं आणि डावा कान कायमचा गेला, हे तू महिनाभराने सांगितलंस. मॅडमना कळलं तर घरी पाठवतील, म्हणून शपथही घातलीस. आणि मग म्हणालीस, "आजपासून तूच माझा डावा कान." सगळ्या मला 'डावे' म्हणून हाक मारतात, ते मी डावखुरी आहे म्हणून असं त्यांना वाटतं. बसू देत वाटत.

शिट्टी झाली. पळते.

तुझा डावा कान

ता. क. भोपळा सध्या माझ्या अंगावर आहे. मॅडम म्हणाल्या, "सध्या." आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, "सगळ्यांचा निळा आणि तुझाच केशरी? शिक्षा केली की काय?" मी म्हटलं, अगं, मागे राहून फक्त चेंडू उचलणारी संघात एकच असते, पंचांना ओळखू यावी म्हणून तिचा शर्ट वेगळा. "एकच?" म्हणाली. "मग तुझ्या मैत्रिणीचं काय?" तेवढ्यात अर्धा तास संपला.


१४ जुलै, दुपार

घोरपडे,

तुझी चिठ्ठी आणि आतला अर्ज, दोन्ही मिळालं.

चिठ्ठीच्या मागे कुणाच्या तरी कोटाची मापं आहेत. छाती अडतीस, दंड अकरा. पुढची बाजू वाचवेना तेव्हा मी तीच वाचत होते. ज्याचा कोट आहे त्याला म्हणावं, दंड बारीक आहेत, जरा व्यायाम कर.

अर्ज अजून दिलेला नाही. मॅडम दोन दिवस मीटिंगला गेल्या होत्या. खरं तर एकच दिवस गेल्या होत्या.

तू इतकी घाई का करतेस गं? डॉक्टर म्हणालेत ना, गुडघ्याचं काही तुटलेलं नाही, नुसतं ताणलंय, दोन महिन्यांत पळायला लागशील? निम्मा हंगाम तरी मिळेल की. आणि संघातून नाव कमी झालं तर काय होतं ते तुला ठाऊक आहे. ही खोली खेळाडू म्हणून मिळालीय. ती गेली की कॉलेज गेलं. तुझ्या घरून रोज चार तास बसमध्ये बसून कोण येणार? "काज चांगली जमायला लागलीत, आई खूश आहे" असं लिहिलंयस. तुझ्या आईला मी ओळखते. गेल्या वर्षी तू फायनल खेळलीस तेव्हा बाकावर उभी राहून ओरडणारी बाई ती. काज बघून ती कशाला खूश होतेय?

तुझी चिठ्ठी मला पाठ झाली. नको असताना झाली. तू लिहिलंयस, "बाबांबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. उजवा पण चाललाय की काय, अशी भीती वाटत होती. तू डावीकडून हाक मारलीस म्हणजे ठरल्याप्रमाणे दोनदा पायही आपटला असशील. तो मला लाकडी जमिनीतून नेहमी कळतो. या वेळी हाकही नाही कळली आणि पायही नाही. मशीन म्हणतं, उजवा कान ठणठणीत आहे. पण मशीनवर विश्वास ठेवू की तुझ्यावर? तुझ्यावर. माझ्यामुळे तुला लागलं असतं तर मी काय केलं असतं गं? म्हणून हा अर्ज. कानाचं सगळं त्यात खरं खरं लिहिलंय. वीस तारखेला यादी पुढे जाते, त्याच्या आत मॅडमना दे."

अगं बाई, मशीनवर ठेव ना विश्वास! मशीनला काय पडलंय खोटं बोलायला?

हे बघ, माझं ऐक. दोघी एका चेंडूवर गेलो. असं होतं. मोठमोठ्या संघांत होतं. चूक एकटीचीच असते असं कुठे आहे? कधी कधी दोघींची असते. कधी कधी

हे अर्धंच राहू दे.

इकडे माझं काही खरं नाही. शनिवारी शेजारच्या कॉलेजबरोबर सरावाचा सामना झाला. भोपळा घालून उभी होते आणि चेंडू आला की तोंडातून शब्द फुटेना. 'माझा' म्हणायचं, दोन अक्षरं, लहान पोरही म्हणतं. तीन चेंडू माझ्या आणि लांबीच्या मध्ये टप्पकन पडले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतोय. लांबी म्हणाली, "जीभ गिळलीस काय गं? हाक कोण मारणार, माझी आजी?" सगळ्या हसल्या, मीही हसले. मॅडम हसल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

मावशींना मी परवा सांगितलं, दोनच अंडी घाला. त्या म्हणाल्या, "अगं, मैत्रिणीच्या वाटची आहेत, तीच म्हणाली होती जाताना, माझी हिला द्या म्हणून." तू असं कशाला सांगून गेलीस? तुला कुणी सांगितलं होतं?

आईने दिलेला मलम लाव. जिना एकटी उतरू नकोस. अर्जाचं बघते मी.

तुझी,
डावी


१७ जुलै, दुपारचे अडीच

प्रिय,

आज थट्टा नाही करत. पत्र उघडशील तेव्हा बसून वाच, आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच माझी बाजू घेऊ नकोस. तुझी ती खोड आहे.

मी हाक मारली नव्हती.

हे एक वाक्य लिहायला मला चौदा दिवस लागले. आता पुढचं लिहिते.

त्या दिवशी सकाळपासून मॅडम वही घेऊन बाकावर बसल्या होत्या, आठवतं? भोपळा कुणाला द्यायचा ते संध्याकाळी ठरणार होतं. तू एकही चेंडू सोडला नव्हतास. माझे दोन हाताला लागून वर प्रेक्षकांत गेले होते, आणि दोन्ही वेळा मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं होतं. मला वरून तुझं कौतुक वाटत होतं. आतून जळत होते. तुला कधी कळलं नाही, कारण तुला तसलं काही सुचतच नाही.

मग पलीकडून तो डुगडुगता चेंडू आला, नेमका आपल्या दोघींच्या मधोमध. तू 'माझा' म्हणालीस. मी ते स्वच्छ ऐकलं. तुझा आवाज 'झा'वर चिरकतो, तसाच चिरकला. मी थांबायला हवं होतं. दोन वर्षं थांबत आलेय, पायांना सवय आहे. पण डोक्यात आलं, हा चेंडू मी उचलला तर मॅडमच्या वहीत एकदा तरी माझं बरं लिहिलं जाईल. हाक मारली असती तर सगळ्यांना कळलं असतं की तुझ्यानंतर मारली. म्हणून मारलीच नाही. पायही आपटला नाही. गुपचूप गेले. तुझ्या डाव्या बाजूने, जिथून तुला मी येतेय हे कळणारच नव्हतं, तिथून.

माझा खांदा तुझ्या रोवलेल्या गुडघ्यावर बसला. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

इथवरचं एक वेळ समजून घेशील. खेळात हावरटपणा होतो. पण पुढचं ऐक. मॅडम धावत आल्या आणि विचारलं, "हाक कुणाची होती?" तू गुडघा पोटाशी धरून म्हणालीस, "माझी, मॅडम." आणि मी म्हणाले, "मी आधी मारली होती."

बाकीच्यांना काही कळलं नाही. हॉलच्या पलीकडच्या कोर्टवर चेंडू आपटत होते, सगळीकडून 'माझा, माझा' चाललं होतं. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता बोलशील, खोटारडी म्हणशील. तू म्हणालीस, "सॉरी गं. मला ऐकूच नाही आलं."

पहिल्यांदा मी स्वतःला सांगितलं की घाबरून तोंडातून निघून गेलं. दहा दिवस तेच सांगत होते. ते खरं नाही. मला माहीत होतं तू मानशील. साऱ्या संघात तू एकटीच अशी होतीस जी हे मानणार होती, आणि का मानशील हे एकट्या मलाच माहीत होतं. तू मला विश्वासाने सांगितलेली गोष्ट मी तुझ्यावरच वापरली. लांबीला हेच म्हटलं असतं तर तिने तिथल्या तिथे माझे कान उपटले असते.

तुझा अर्ज मी रोज उघडून वाचत होते. "माझ्या श्रवणदोषामुळे सहखेळाडूच्या जिवाला धोका निर्माण झाला." किती शुद्धलेखन सांभाळून लिहिलंयस. सहखेळाडू म्हणे!

काल दुपारी जेवण झाल्यावर मॅडमकडे गेले. त्या सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत बसल्या होत्या. एकेक चेंडू अंगठ्याने दाबून बघायचा आणि जाळीत टाकायचा. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी हातातला पंप थांबवला नाही. मी गप्प झाले तेव्हा म्हणाल्या, "आजच का सांगतेस?"

"तिचा अर्ज आलाय, नाव कमी करा म्हणून."

"आणि आला नसता तर?"

मी म्हटलं, "माहीत नाही, मॅडम." खोटं बोलायची आता ताकदच नव्हती.

त्यांनी हातातला चेंडू जाळीत टाकला. मग म्हणाल्या, "मी नव्या मुलींसमोर चार वेळा तिचं उदाहरण दिलं. चार वेळा. तू तिथेच होतीस." मग त्यांनी विचारलं की तिने हे मान्य कसं केलं, भांडली का नाही? मी म्हटलं, ते तिलाच विचारा. कानाचं मी सांगितलेलं नाही. ते तुझं आहे. सांगायचं तर तू सांग, नाही तर नको. एक शपथ तरी माझ्याकडून पाळली जावी.

अर्ज त्यांनी मागितला. मी म्हटलं, तो मी तिला परत पाठवणार आहे, तिला पुन्हा द्यावासा वाटला तर ती देईल. त्यांनी हात मागे घेतला. "तिचं नाव यादीत जातंय," म्हणाल्या. "गुडघा बरा होईपर्यंत बाकावर बसेल. पण बाकावर बसायला तिने यायला हवं. तिला कळवलंस?"

"नाही."

"मग मला काय सांगतेस! आधी तिला कळव." आणि शिट्टीची दोरी गळ्यातून काढून किल्ली माझ्यापुढे धरली, फोनसाठी. मी घेतली नाही. फोनवर मी अर्ध्यात रडले असते, आणि तू पलीकडून "जाऊ दे गं" म्हणाली असतीस. तुला एवढ्या स्वस्तात ते म्हणू द्यायचं नव्हतं.

संध्याकाळी सरावाआधी सगळ्यांना गोल उभं करून मला बोलायला लावलं. हे मला कुणी सांगितलं नसतं तरी करायचंच होतं, असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मॅडमनी सांगितलं म्हणून केलं. नव्या मुली खाली बघत होत्या. लांबी माझ्याकडे बघत होती. माझं बोलून झाल्यावर ती एकच म्हणाली, "ती सॉरी म्हणाली होती तुला." मग चेंडू घेऊन निघून गेली. रात्रीपासून कुणी माझ्याशी बोलत नाही. बरं वाटतंय. म्हणजे बरं नाही वाटत, पण योग्य वाटतंय.

भोपळा धुऊन, घडी करून मॅडमच्या टेबलावर ठेवला आहे. मी यादीत आहे की नाही ते वीस तारखेला कळेल. नसले तर खोली रिकामी करीन. तुझी गादी उलगडून, चादर घालून ठेवलीय. मावशींनाही सांगितलंय की ती येईपर्यंत तिची अंडी कुणालाच देऊ नका.

मला माफ कर असं मी लिहीत नाही. ते तुझ्याकडे मागायला तोंड नाही मला. माझ्या हातून फक्त एक गोष्ट होण्यासारखी आहे, तेवढी करते. कानाचे डॉक्टर, मशीन, तुझे बाबा, सगळे तुला एकच सांगत होते, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवून त्यांना खोटं ठरवलंस. एवढ्या एका बाबतीत पुन्हा कधी माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पुढे खेळशील तेव्हा डाव्या बाजूला दुसरी कुणी उभी कर. लांबीला सांग. ती ओरडायला कमी करायची नाही.

सोबत अर्ज परत पाठवते आहे. फाडायचा तर तू फाड.

तुझ्या डाव्या बाजूने त्या दिवशी कुणी हाक मारली नव्हती. कुणी पाय आपटला नव्हता. तिथे काहीच नव्हतं, आणि तुला काहीच ऐकू आलं नाही. तू बरोबर ऐकलंस.

जिला तू तुझा डावा कान म्हणायचीस,
ती